काचेतला गोळा

कुरकुंभच्या कारखान्यात सारिका ज्या टाकीवर कामाला होती, तिच्यातला जीव कुणाच्या पोटचा नव्हता. साहेबलोकांनी तो रसायनांपासून घडवला होता. त्याच्यापासून निघणाऱ्या औषधावरच तिची पाच वर्षांची ओवी दौंडच्या दवाखान्यात तग धरून होती, आणि ते औषध कालच संपलं होतं.

नवं औषध काढायचं, तर टाकीत वाफ सोडून तो जीव मारावा लागे.

पण या खेपेला काचेतला तो पांढरट गोळा सारिका जिथं उभी राही तिकडंच सरकत होता. ती डावीकडं गेली की डावीकडं, उजवीकडं गेली की उजवीकडं.

"साहेब, त्याला कळतंय ओ."

"त्याला डोळं न्हाईत का कान," शितोळे साहेब म्हणाले. "सोडा वाफ, ताई. पोरगी वाट बघतीय तुमची."

सारिकानं डोळे मिटून वाफेचा व्हॉल्व्ह फिरवला. गोळा काचेला चिकटून थरथरू लागला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दवाखान्यातून नवरा शंभू बोलत होता. "सारिका, ओवी किंचाळतीय! भाजतंय म्हणती. अंगात तर ताप न्हाई!"

तिनं झटक्यात व्हॉल्व्ह बंद केला.

"थांबली," शंभू म्हणाला. "पण लई मलूल झालीया. डॉक्टर म्हणत्यात, औषध सांजच्या आत पायजेच."

सारिकानं हात पुन्हा व्हॉल्व्हवर नुसता ठेवला.

फोनमधून ओवीचा बारीक आवाज आला, "आई, नगं."