जॅक जाईल एवढं भोक

“पलंग भिंतीपासून बाजूला घे. भोक पाडतोय.” वडिलांनी मेसेज पाठवला आणि ड्रिल हातात धरून ते मुलाच्या खोलीबाहेर थांबले. मागे आई उभी होती, केर भरायची सुपली घेऊन.

आतून पलंग सरकल्याचा आवाज आला. जरा सरकून अडला, मग पुन्हा सरकला.

“ऐकलंत?” आई म्हणाली. “एकट्याने सरकवला.”

“अगं, हळू बोल.”

मुलाने दार लावून घेतल्याला दुसरं वर्ष लागलं होतं. न्हाणीघर आतच होतं. ताट दाराशी ठेवायचं. सगळे झोपले की ते आत जायचं आणि सकाळी रिकामं बाहेर असायचं. रागावून झालं, हातापाया पडून झालं. मामा येऊन गेला. एक डॉक्टर दाराबाहेर खुर्ची टाकून तासभर बोलत बसले. आतून हूं नाही की चूं नाही. आणि परवा वडिलांच्या फोनवर त्याचा मेसेज आला, कितीतरी महिन्यांतला पहिला. वायफाय सारखं तुटतंय, राउटरपासून केबल टाकून हवी.

वडिलांनी उभ्या जन्मात भिंतीला धड खिळा ठोकला नव्हता. पण त्याच संध्याकाळी ते दुकानात गेले. केबल घेतली, तिच्या टोकांना लावायचे जॅक घेतले, ते दाबून बसवायची पक्कड घेतली, ड्रिल भाड्याने आणलं. दुकानदार भला माणूस होता. विजेच्या तारांना चिकटून नेऊ नका, म्हणाला. कोपऱ्यावर मोडू नका, गोलाईने वळवा. लांबी जास्तच धरा. दाराखाली फट नसेल तर भिंतीला बारीक भोक पाडा, नुसती केबल आत घाला, आणि मग आत जाऊन टोकाला जॅक बसवा.

आत जाऊन. वडिलांनी घरी येऊन तेवढंच सांगितलं. आईने ऐकलं आणि ती उठून रिकाम्या खोलीतला दिवा लावून आली, उगाच. मग वडिलांनी मुलाला कळवलं: जॅक बसवायला मला आत यावं लागेल.

उत्तर लगेच आलं. “जॅक बाहेरच बसवा. भोक मोठं पाडा.”

आता त्यांनी ड्रिलला आधी बारीक बिट लावलं, मग जाड. विटेचा लाल भुगा सुपलीत पडत राहिला. ड्रिल एकदम हलकं झालं तसं त्यांनी ते मागे घेतलं. भोक आरपार झालं होतं. त्यातून उजेड आला नाही. कोंदट वास आला.

आईने सुपली खाली ठेवली, गुडघ्यांवर बसली आणि भोकाला डोळा लावला.

“काही दिसतंय?”

“अंधार आहे.” तिने डोळा काढून तोंड लावलं. “बाळा, जेवलास का रे?”

मग तिने कान लावला.

“सरक,” वडील म्हणाले. त्यांनी केबलच्या टोकाला जॅक बसवला होता. त्याची प्लॅस्टिकची जीभ कुठे अडकून मोडू नये म्हणून वर चिकटपट्टी गुंडाळली आणि टोक आत सारलं. केबल थोडी गेली, अडली. त्यांनी फिरवून पाहिली. आणि मग ती त्यांच्या बोटांमधून आपोआप सरकली.

वडिलांनी मूठ आवळली. केबल थांबली. पलीकडून तिला हलकासा हिसका बसला. त्यांनी सोडली नाही. पुन्हा हिसका बसला, या वेळी जोराचा.

“काय झालं?” आईने विचारलं.

“ओढतोय.”

“मग द्या ना.”

“देतो. जरा थांब.” तिसरा हिसका आला तेव्हा त्यांनी मूठ उघडली आणि वेटोळ्यातली केबल सरसर आत गेली, लागणार होती त्याहून कितीतरी जास्त.

राउटरकडच्या टोकाचा जॅक पहिल्यांदा चुकला. आठ तारांमधल्या दोन उलटसुलट झाल्या होत्या. टोक कापून, तारा पुन्हा रंगवार लावून त्यांनी तो बसवला. राउटरवर हिरवा दिवा लागला. फोनवर मेसेज आला.

“काय म्हणतो?”

“चालू झालं, म्हणतो.”

“आणखी?”

“एवढंच.”

भोक केबलपेक्षा बरंच मोठं झालं होतं. वडिलांनी वाटीत पांढरं सिमेंट कालवायला घेतलं. आईने त्यांचा हात धरला.

“अहो, राहू द्या ना ते. बुजवू नका. मी बोललेलं आत तरी जाईल.”

“मुंग्या होतील.”

“होऊ देत.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. वाटी बाजूला ठेवली. आई भिंतीशी मांडी घालून बसली, तोंड भोकाजवळ नेलं आणि काय बोलावं याचा विचार करू लागली. “आज भाजी जरा—” तिने सुरुवात केली.

आत कागद चुरगळल्याचा आवाज झाला. भोकाच्या पलीकडच्या बाजूने ओला बोळा आत शिरला. बोट त्याला केबलच्या कडेकडेने दाबत पुढे आणत होतं. बोळा एका अंगाने फाटला आणि बोटाचं टोक इकडे आलं.

आईने आपलं बोट चटकन त्यावर टेकवलं.

ते तिथेच राहिलं, क्षणभर. मग मागे गेलं. दुसरा बोळा आला, आणखी एक आला, आणि भोक गच्च भरलं.

वडील खाली बसले. “काय झालं? बोलला काही?”

आईने नाही म्हणून मान हलवली. ती आपल्या बोटाकडे बघत होती.

“नखं किती वाढलीयत त्याची,” ती म्हणाली.