पिवळं पूट

काचेच्या दारापलीकडे रेचलबाई दगडावर वाकल्या होत्या, आणि वर बघायचं नावच घेत नव्हत्या.

कस्तुरी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर पोटाशी हात धरून बसली होती. सातवा महिना. मिल्टन कीन्सहून निघून ती आणि तिचा नवरा सुश्रुत साउथहॅम्प्टनच्या या खनिजांच्या लॅबपर्यंत आले होते. दगड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा गाडीच्या मागच्या डिकीत आणि कस्तुरी पुढच्या सीटवर. तेवढंच अंतर राखता आलं होतं. त्याआधी मात्र उन्हाळ्यापासून तो दगड तिच्या उशाशी होता. सुश्रुतने आल्प्समधून उचलून आणलेला. राखाडी, एका अंगाला हळदीसारखं पिवळं पूट चढलेला. झोपताना ती सवयीने त्यावरून बोट फिरवायची.

रविवारी सुश्रुतचा मित्र उदय जेवायला आला. दगड हातात घेऊन सहज म्हणाला, "हे पिवळं युरेनियमचं तर नाही ना रे? तसंच दिसतं म्हणे." आणि आणखी श्रीखंड वाढून घेतलं.

तेव्हापासून कस्तुरीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मिडवाइफने बाळाचे ठोके ऐकवले, पण दगडाचं तिला तरी काय कळणार? सुश्रुतचं एकच पालुपद चाललं होतं, "काही नसतं गं." ते ऐकलं की तिला त्याचा राग यायचा. याला काही वाटतच नाही का?

काचेपलीकडे रेचलबाईंनी आधी एक छोटं यंत्र दगडाजवळ धरलं. ते बाजूला ठेवलं. मग मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तिथेच थिजल्या. मग एकदम फोन उचलला. दोन मिनिटांत एक दाढीवाला जवळजवळ पळतच आला. त्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पाठोपाठ आणखी एक बाई आली.

"सुश्रुत, एवढी माणसं का जमतायत?"

"काही नस..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

कस्तुरी उठली. तिने दार ढकललं आणि जिवाच्या आकांताने, मराठीतच ओरडली, "अहो, बाहेर आम्ही बसलोय! काय आहे ते सांगा तरी!"

रेचलबाई दचकून वळल्या. जन्म लंडनचा, पण आजी अलिबागची. फोनवर कस्तुरीचं नाव ऐकताच त्या आजीच्या मराठीत बोलायला लागल्या होत्या.

"अगं बाई! सॉरी, सॉरी. मी विसरलीच." त्यांनी कस्तुरीचे दोन्ही हात धरले. "तुमचा बाळ सेफ आहे. एकदम सेफ. रेडिएशनचा काउंटर दगडाजवळ धरला, मग माझ्या चहाच्या मगाजवळ धरला. दोन्ही सेम. रेडिएशन नाही. ते तर मला लगेच कळलं."

"लगेच?" सुश्रुतचा आवाज चिरकला. "मग हे सगळे कशाला आलेत?"

"ही दगड बघायला!" रेचलबाईंचा चेहरा उजळला होता. "युरेनियम नाही, बिस्मथ आहे. पोटाच्या औषधात असतो ना, तो. पण असा, कार्बोनेट होऊन, दगडावर? फार रेअर. त्या बाजूच्या आल्प्समधून आम्ही कोणीच नाही पाहिला. मी बघत बसली आणि तुम्ही बाहेर... आय ॲम सो अशेम्ड."

कस्तुरीला काहीतरी बोलायचं होतं, पण तिला हसूच फुटलं. हसता हसता ती मिळेल त्या स्टुलावर टेकली. दाढीवाल्याने धावत जाऊन पाणी आणलं.

तिचं पाणी पिऊन झाल्यावर रेचलबाईंनी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. "कुठे मिळाली, नीट सांगा. जागा माहीत नाही तर या दगडाला काय अर्थ नाही."

सुश्रुत नकाशावर इकडेतिकडे बोट फिरवत राहिला. "वरच्या बाजूला कुठेतरी... सगळीकडे दगडच होते हो."

"इथे," कस्तुरी म्हणाली. डोंगरातल्या मुक्कामाच्या हटच्या खाली, पायवाट ओढ्याला भिडते तिथे तिने बोट टेकवलं. "इथे मला ओकारी झाली होती. आम्हाला वाटलं, दुपारचं चीज बाधलं. मी बसून राहिले, हा ओढ्यावर बाटली भरायला गेला, आणि येताना हा दगड घेऊन आला. माझं मन रमावं म्हणून."

रेचलबाईंनी नकाशावर तिथे खूण केली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते चीज नव्हतं."

"नव्हतं," कस्तुरी म्हणाली. "दगड तुमच्याकडेच ठेवा. आमच्या घरी त्याला कोण एवढं ओळखणार?"

ते खाली पार्किंगमध्ये आले. सुश्रुतने चावी लावली आणि तो तसाच बसला. गाडी सुरूच करेना. कस्तुरीने वळून पाहिलं. स्टिअरिंगवर हात ठेवून, तोंडातून आवाज न काढता तो रडत होता, लहान मुलासारखा, नाक ओढत.

"मीच उचलला होता गं," तो म्हणाला. "मीच तुझ्या उशाशी ठेवला."

कस्तुरीने आपला पट्टा काढला. ती उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि दार उघडलं.

"सरक. मी चालवते."

"अगं, तू अशी..."

"सरक म्हणते ना."

तिने सीट मागे ओढली, पोट सांभाळून पट्टा लावला आणि गाडी बाहेर काढली. पहिल्याच राउंडअबाउटच्या गोल चौकात सुश्रुतने बाहीने डोळे पुसून पाटी वाचली.

"कस्तुरी, आपली एक्झिट गेली."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि पुन्हा एक अख्खा गोल घेतला.