पेटी आणि पार्श्वसंगीत

पडद्यावर मी चक्क चोर दिसत होतो. संगीतवर्गातली पेटी छातीशी धरून जिना उतरताना मी मध्येच थबकून मागे वळत होतो, आणि तेवढ्यात चेलोचा खोल सूर तुटत होता.

प्रसंग तोच ठेवून मागचं संगीत बदललं की साधा माणूसही संशयित वाटतो, हे मीच मुलांना वर्षभर शिकवलं होतं. परीक्षेसाठी प्रत्येकाने एखाद्या मूक चित्रफितीला स्वतःचं संगीत द्यायचं होतं. रेवाने, माझ्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थिनीने, कॉलेजच्या सीसीटीव्हीतला तुकडा उचलला. त्या दिवशी भाता फाटला म्हणून मी पेटी दुरुस्तीला नेत होतो. मागे वळलो ते रेवासाठीच, कारण माझी पिशवी घेऊन तीच येत होती. तेवढं तिने कापून टाकलं होतं.

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा. काम चोख होतं, त्यामुळे पैकीच्या पैकी गुण द्यावेच लागले.

शेजारी बसलेले प्राचार्य मात्र हसले नाहीत. पेटी बाहेर न्यायच्या अर्जावर सही त्यांचीच होती. दिवे लागल्यावर ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "सर, ती पेटी परत आणलीत ना?"

पेटी आमच्या समोरच्या टेबलावर होती. मघाशी त्यांनी आपली चष्म्याची डबी तिच्यावरच ठेवली होती.