शिशाच्या बुडाची चरबी

सन अठ्ठावीसच्या हिवाळ्यात इंग्रजांच्या आरमाराचं, समुद्राची खोली मोजणारं जहाज रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत सावकाश चाललं होतं. भर दुपारी, जहाजाच्या कडेला बाहेर काढलेल्या फळीवर उभा राहून, बुरोंडीचा महिपत दोरीने समुद्रात शिशाचं वजन सोडत होता. शिसं हरवू नये म्हणून दोरीचं टोक तो मनगटाला बांधून घेई. शिशाच्या बुडाला चरबी फासलेली असे. तळाची वाळू तिला चिकटून वर येई, आणि साहेब नकाशात तसं मांडत.

या खेपेला वाळू आली नाही. चरबीत अंगठा उमटला होता.

‘माझाच असंल,’ म्हणत महिपतने चरबी सारखी केली आणि पुन्हा शिसं सोडलं. आता पाची बोटांची टोकं उमटून आली.

तो मनगटाची गाठ सोडू लागला. पाण्याने ती आवळून दगड झाली होती.

“सारंग, मला आत घ्या!”

“खुळा झालास काय? आधी तळ सांग!” वरून खलाशांचा मुकादम सखाराम सारंग गरजला.

महिपतने शिसं सोडलं. ते टेकलं.

शिसं टेकलं की दोरी जरा उचलून, सोडून तो तळ चाचपत असे. आज त्याने हात हलवलाच नाही. तरी दोरी ताणली, सैल झाली, पुन्हा ताणली.

खालून कुणीतरी त्याला चाचपत होतं.