सतरावी पायरी

"सतराव्या पायरीला फोन करायचा. पलीकडून 'दिसतंय' आल्याशिवाय अठरावीला हात लावायचा नाही. आणि ही पायरी कुणालाही काढू द्यायची नाही. कबूल?"

मास्तरांचा हा आवाज आत्याच्या कानात अजून तसाच होता. "कबूल," असं ती म्हणाली तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता मास्तरांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांच्या खुर्चीत ती बसत होती. चुकणाऱ्याचा लाडाने कान धरायची, म्हणून ऑफिसात सगळे तिला आत्याच म्हणत.

काम मात्र तेच होतं. दवाखान्यांतल्या रुग्णनोंदणीची त्यांची संगणक सेवा शंभरेक दवाखाने वापरायचे. तिची नवी आवृत्ती गुरुवारी सकाळी सोडायची, ती मास्तरांच्या एकतीस पायऱ्यांच्या यादीबरहुकूम. पुठ्ठ्याच्या कव्हरातल्या त्या यादीच्या कोपऱ्यांना त्यांच्या बोटांचे डाग होते. आत्याने त्यावर कधी प्लास्टिक चढवू दिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी नव्या साहेबांनी सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"आत्या, बाकीचं सगळं आता आपोआप होतं. ही एकच पायरी फतकल मारून बसलीय. फोन कुणाला करता?"

"लांबच्या शाखेतल्या काकूंना. नवी आवृत्ती आधी त्यांच्या स्क्रीनवर येते. त्या बघून सांगतात."

"मी चौकशी केली. ती शाखा बंद होऊन नऊ वर्षं झाली. मग तुम्ही बोलता कुणाशी, भुताशी?"

आत्याने यादी आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाली, "भूत असलं तर मोठं शिस्तीचं आहे, साहेब. एक गुरुवार चुकवला नाही."

साहेब हसले, पण कागद पुढे सरकवलाच. "ही पायरी नेमकं काय तपासते, ते उद्या सकाळी यात लिहून द्या. नाही जमलं तर मी ती काढतो. रागावू नका."

आत्या कागद घेऊन जागेवर आली. इतक्या वर्षांत काकूंना तिने पाहिलं नव्हतं. ओळख सगळी आवाजाची. "थांब हं, बघते." खुर्ची ओढल्याचा आवाज. मग चार मिनिटं नुसती घड्याळाची टिकटिक आणि काहीतरी पुटपुटणं. तेवढ्या वेळात आत्या यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायची. दुसरं करणार काय? मग यायचं, "हिरवी पट्टी आलीय. दिसतंय. जाऊ दे."

एकदाच काकू म्हणाल्या होत्या, "आज नको." आत्याने कुरकुरत सगळं पुन्हा उकरलं, तर नवं बिघडल्यास परत आणायची जुनी प्रत तिने काढून ठेवलेलीच नव्हती. शंभर दवाखान्यांच्या दारात रांगा खोळंबल्या असत्या. तेव्हापासून काकूंच्या नजरेवर तिचा पूर्ण भरवसा होता.

कव्हरच्या आतल्या बाजूला मास्तरांच्या अक्षरात काकूंच्या घरचा पत्ता होता. ऑफिस सुटल्यावर आत्या बसने तिथे गेली.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. "काकू?" तिने हाक मारली.

"अगं, सतरावी पायरी! ये. चपला डावीकडे काढ."

खिडकीतून मावळतीचा उजेड येत होता. भिंतीवर घड्याळ, फोनजवळ खुर्ची, टेबलावर जपमाळ. बाकी टेबल मोकळं.

"काकू, कॉम्प्युटर कुठाय?"

"तो शाखेबरोबरच गेला की."

"मग दर गुरुवारी तुम्ही बघता तरी काय?"

काकू हळूच हसल्या. "मी घरी बसले, तेव्हा मास्तर आले, शाखेचा फोन नंबर इथे जोडून दिला. म्हणाले, तुमचं काम सुटलेलं नाही. फोन आला की थांब म्हणायचं, खुर्ची ओढायची, माळ पुरी करायची आणि मग हिरवी पट्टी आली म्हणून सांगायचं. हात रिकामे झाले की माणूस आपली चूक आपणच शोधतो, म्हणाले. गुरुवारी खोटं बोलते ना, म्हणून शुक्रवारी एक माळ जास्त करते."

"आणि एकदा 'आज नको' म्हणालात, ते?"

"तेही त्यांचंच. आवाज ऐका, म्हणाले होते. त्या दिवशी तुझा आवाज रडून आल्यासारखा होता. काय झालं होतं गं?"

"आई दवाखान्यात होती."

"तेच. अशा दिवशी माणसाने काही सोडू नये."

साहेब हसतील, हे आत्याला ठाऊक होतं. तरी तिने पिशवीतून कागद काढून मांडीवर ठेवला. खोलीत आता इतका काळोख दाटला होता की ओळीही धड दिसत नव्हत्या. 'काय तपासले जाते' या रकान्यावर ती वाकली आणि पेन उघडून अंदाजानेच लिहू लागली: सोडणाऱ्या माणसाचा आवाज.

"टोपण काढलंस ना पेनाचं? थांब, दिवा लावते," भिंतीवर बोटांनी बटण चाचपत काकू म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली, मला लागतच नाही, कुणी आलं की लावायचा विसरूनच जाते बघ."