पऱ्हाटीवरचं पिवळं

यंदाही ते आलं. आवारातल्या पऱ्हाटीच्या, कापूस वेचून उरलेल्या झाडांच्या, ढिगावर, ओल्या काड्यांना धरून, हळद थापल्यासारखं पिवळंजर्द. तुळसाबाईच्या हातातली शेणाची पाटी हातातच राहिली.

गेल्या श्रावणात हेच दिसलं होतं आणि त्याच दिवशी गाईचं वासरू मेलं. झालं! हळद टाकून करणी केली म्हणायला आणखी काय लागतं? घरात दुसरी बाई एकच, थोरली जाऊ चतुराबाई. विधवा, पोटी मूलबाळ नाही. तुळसाबाईनं तिचं नाव घेतलं आणि नवऱ्यानं, जगदेवनं, सख्ख्या भावजयीला बैलांच्या दमणीत बसवून आसेगावला तिच्या भावाच्या दारात सोडलं. ‘म्या नाही टाकलं,’ एवढंच ती बोलली होती.

आणि आता? आता चतुराबाई घरात नाही. नवऱ्याला दिसू नये म्हणून तुळसाबाईनं त्यावर राख लोटली. सकाळी पाहते तर राखेतून निघून ते वीतभर वर सरकलेलं. ना पाय, ना डोळे, पण आपलं आपण चालतंय! आपण काय करून बसलो, हे तिला तेव्हा कळलं.

तिनंच जगदेवला बोलावून ते दाखवलं, दमणी जुंपायला लावली. जाऊबाईसाठी आत सतरंजी अंथरली आणि पिवळ्यासकट एक काडी मोडून ओटीत घेतली.

आसेगावला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. चतुराबाई ओसरीवर भावजयीची ज्वारी निवडत बसली होती. तुळसाबाईनं काडी पुढं केली. पिवळं कुठलं! वाळून त्याची पापडी झाली होती. बोट लागलं तशी तपकिरी भुकटी पदरावर सांडली.

“जाऊबाई, हे आपोआपच येते,” तुळसाबाईला रडू आवरेना. “मले मालूम नव्हतं.”

जगदेव मान खाली घालून, घरी चला वैनी, एवढंच म्हणाला.

चतुराबाई उठली. तिनं तांब्या आणून तुळसाबाईच्या हातांवर पाणी घातलं, पदरावरची भुकटी झटकून दिली.

“मागच्या सालीबी ते असंच वाळलं असतं, तुळसा. तू जराशी थांबली असती तं.”

मग खाली बसून तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.