एन्कारगादा

"परत म्हण," गावडे सर म्हणाले.

"एन्कारगादा," महेजबीन म्हणाली.

"हां. पुरुष असला की एन्कारगादो, बाई असली की एन्कारगादा. म्हंजी लाइनचा कारभार बघणारी. उद्या मॅडमनी विचारलं की ठणकावून सांगायचं, 'यो सोय ला एन्कारगादा.' मीच ती, असं."

"पण सर, मी तर हेल्पर. लाइन तुम्हीच बघता की."

"आता तुलाच द्यायचीय. आधी शब्द तरी बसू दे जिभेवर."

रांजणगावच्या त्या कारखान्याचे मालक स्पेनचे. गेल्या आठवड्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये लाइनवरच्या धुरपदाची बोटं गेली, म्हणून तिकडच्या बाई चौकशीला यायच्या होत्या. महेजबीनला ते ठाऊक होतं. पण आजवर तिला हेल्परच्या पुढं कुणी काही म्हटलं नव्हतं. शिरूरपर्यंत कंपनीच्या बसमध्ये ती तो शब्द ओठातल्या ओठात घोळवत राहिली. घरी कळल्यावर अम्मीनं तिचा ईदचा ड्रेस इस्त्री करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं. स्पेनच्या बाई, पुण्याहून आलेली दुभाषी मोनिका आणि कोपऱ्यात गावडे सर. लाइनची एन्कारगादा कोण, असं बाईंनी विचारलं. महेजबीननं न अडखळता वाक्य म्हटलं. बाईंनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न बराच लांबलचक विचारला.

मोनिकानं तो मराठीत सांगितला. "लाइन तुमच्या ताब्यात होती. मग प्रेसवरची हात वाचवणारी जाळी काढून काम करायला तुम्हीच सांगितलंत का?"

माल लवकर निघावा म्हणून जाळी कुणी काढायला लावली, ते अख्ख्या लाइनला माहीत होतं. महेजबीननं गावडे सरांकडं पाहिलं. ते मोबाइल बघत होते.

"मॅडम, मला त्यांच्या भाषेतलं एवढंच येतं," ती म्हणाली. "काल सरांनी शिकवलं. मी हेल्पर हाय. जाळी सरांनी काढायला लावली."

मोनिका बाईंकडं वळली.

"घाबरलीय ती," गावडे म्हणाले. "हे सांगायची गरज न्हाई."

"समदं सांगा," महेजबीन म्हणाली.

मोनिकानं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या गावडेंकडं वळल्या.

बाई त्याच रात्रीच्या विमानानं स्पेनला परत गेल्या. सकाळी गेटवरच्या मशीनला महेजबीनचं हजेरीचं कार्ड लागेना.

"बंद केलंय, ताई. वरनं सांगितलंय," सिक्युरिटीवाला हळू म्हणाला. "बाजूला व्हा, मागं लोक खोळंबल्यात."

ती बाजूला झाली. लाइनवरच्या बाया खाली मान घालून एकेक करत आत जात राहिल्या. मग अनसाबाई आली. धुरपदाला प्रेसमधून ओढून काढणारी तीच. तिनं कार्ड मशीनपर्यंत नेलं, तसंच धरून ठेवलं. आत शिफ्टचा भोंगा झाला. अनसाबाईनं कार्ड पिशवीत टाकलं आणि ती महेजबीनच्या शेजारी येऊन उभी राहिली.